लवंगीचं नाक

शुक्रवार होता म्हणून गल्ली गप्प होती. भिवंडीच्या निजामपुऱ्यात आठवड्यातला हा एकच दिवस असा, की कापडाचे लूम बंद असतात आणि माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो. पण उरलेले सहा दिवस लूमच्या वरताण ओरडायची सवय, ती एका दिवसापुरती कशी सुटणार? त्यामुळे घराघरातल्या भानगडी शुक्रवारीच गल्लीभर होतात. नाजनीनला या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती आणि शेजारपाजारची सगळी खबर तिला शुक्रवारांनीच पुरवली होती. आज पाळी आपली आहे, हे तिला सकाळपासून कळत होतं.

तांदळाची भाकरी थापताना तिचा हात कधी चुकत नसे. आज तिसरी भाकरी तव्यावर फाटली.

"फाटली ती मला वाढ," दारातून तिचा नवरा एजाज म्हणाला. नमाज पढून आला होता, टोपी अजून डोक्यावर होती. "आणि एक सांग. ती पोरगी एकटीच येणार ना?"

"मेघाली? एकटीच. गाणी ऐकवायची, अब्बांनी हो म्हटलं की जायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तरी जायचंच. जेवून."

"गंमत सुचतेय तुला. अम्मा आठ दिवस आपल्या अलिजाशी एक शब्द बोललेली नाही. आणि ट्रंक कोणी उघडली ते मी अजून विचारलेलं नाही."

विचारलं नव्हतं, कारण त्याला माहीत होतं. किल्ली नाजनीननेच काढून दिली होती.

त्या ट्रंकेत लवंगी होती. नाजनीनचे सासरे नूर मोहम्मद, म्हणजेच अब्बा, आता अठ्ठ्याहत्तरीला टेकले होते, पण त्यांच्या उमेदीत खाली चार लूम, वर घर आणि कानावर पेन्सिल असा त्यांचा थाट होता. भिवंडीतून निघणाऱ्या 'ताणाबाणा' नावाच्या मराठी साप्ताहिकात ते दर आठवड्याला चार चौकटींची एक चित्रकथा काढत. तिची नायिका लवंगी कांडीवाली. लूममध्ये इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते त्या लाकडी कांडीवर सूत भरणारी बाई. अंगाने काडी, तोंडाने फटाका. तिने मुकादमाला सरळ केलं, लाईटवाल्या साहेबाला रडवलं, भेसळीचं सूत विकणाऱ्याला त्याच्याच सुतात गुंडाळून गल्लीतून फिरवलं. लोक साप्ताहिक मागच्या पानापासून उघडत. अकरा वर्षं हे चाललं. मग नव्व्याण्णव साली एका आठवड्याला लवंगी आली नाही, आणि पुन्हा कधी आलीच नाही.

आता तिचं नाक. बारीक, शेंड्याला जरासं वर उचललेलं, डाव्या बाजूला चमकी. तसं नाक त्या काळी निजामपुऱ्यात एकच होतं आणि ते रोज सकाळच्या एसटीने वडप्याहून येत असे. बायजाबाई खाली लूमवर कांड्या भरायची. लवंगी बंद झाली त्याच महिन्यात बायजाबाईने घराजवळच्या नव्या गोदामात काम धरलं आणि तीही यायची बंद झाली. गल्लीला एवढं पुरलं. खुर्शीदबीने दोघींना एकाच दिवशी दार दाखवलं, असं ठरलं आणि तेच पंचवीस वर्षं चालत राहिलं. खुर्शीदबी, म्हणजे अम्मा, नाजनीनची सासू, हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. कात्रणं ट्रंकेत गेली, ट्रंक पलंगाखाली गेली.

नाजनीनच्या लेकीने, अलिजाने, ती कात्रणं पाहिली आणि वेडी झाली. कॉलेजातल्या मैत्रिणीला घेऊन तिने लवंगीची पाच गाणी केली, ती उद्या कॉलेजच्या सभागृहात व्हायची होती. इथपर्यंत ठीक होतं. पण मैत्रीण निघाली वडप्याची मेघाली, बायजाबाईची सख्खी नात. हे ऐकल्यावर अम्मा एवढंच म्हणाल्या, "नाक गेलं होतं. आता गळा आला." आणि अलिजाने परवानगी विचारली तर, "मला काय विचारतेस? ज्यांची आहे त्यांना विचार."

नाजनीनला दोन्ही हवं होतं. पोरीचं गाणं व्हावं आणि सासूचं मन मोडू नये. एक साधलं तर दुसरं हातचं जाणार असंच दिसत होतं, आणि जे काही होईल त्यात किल्ली देणारीचंच नाव पुढे येणार होतं.

जिन्यावर पावलं वाजली. नाजनीनने कान दिला. चार पावलं होती, आणि त्यातली दोन फार सावकाश चढत होती.

"या अल्लाह," ती म्हणाली आणि पिठाच्या हातांनीच बाहेर धावली.

दारात मेघाली उभी होती, काखेत ढोलकी, चेहरा कसनुसा. तिच्या मागे कठड्याला धरून एक म्हातारी श्वास घेत होती. केस पांढरे, अंग वाळलेलं, पण नाकाचा शेंडा अजून वर आणि चमकी जागच्या जागी.

"काकी, मी नको म्हटलं होतं," मेघाली घाईने म्हणाली. "आजी ऐकेच ना. माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली."

"मंग काय करू?" बायजाबाई म्हणाली. "गानी लवंगीची, गानार माजी नात, आन मी घरान वाती वळू? पंचवीस वर्सां झाली या जिन्यावं पाय ठेवून. जिना तसाच हाय. पडायचा न्हाय न् सुदरायचा न्हाय."

बाहेरच्या खोलीत लगेच दोन पक्ष पडले. एजाज चटकन अम्मांच्या पलंगाशी जाऊन उभा राहिला, अलिजा मेघालीच्या बाजूला सरकली, आणि नाजनीन मधोमध, कोपरापर्यंत पीठ, कोणाच्याच पक्षात नाही. खिडकीपाशी अब्बा खुर्चीत होते. त्यांना जिन्याचा आवाज आलाच नव्हता. त्यांचं कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडलेलं असे. घातलं की कुकरची शिट्टी वाजते म्हणत.

अम्मांनी पाहुणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाकावर नजर जरा जास्त थांबली.

"बस," त्या म्हणाल्या. "कठडा धरून खांदा दुखेल तुझा."

"तो तवापासनं दुकतोच हाय," बायजाबाई म्हणाली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. तिथे कोणी बसलं नाही.

 एजाज नुसताच आ वासून एकदा आईकडे, एकदा पाहुणीकडे बघत होता.

"एजाज, तोंड मिट आधी," अम्मा म्हणाल्या. "माशी बिऱ्हाड करेल."

तेवढ्यात अब्बांची नजर वळली. "बायजा?" ते एकदम मोठ्याने म्हणाले. "म्हातारी झालीस की गं!"

"शेट, तुमी काय तरणे ऱ्हायला?" बायजाबाईने ओठ नीट हलवून विचारलं.

अब्बा खदखदून हसले. लूमवाली माणसं ओठ वाचतात. शेडमध्ये कान कोणाच्याच कामाचे नसतात, समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं समजून घ्यायची सवय सगळ्यांनाच असते. अम्मा मात्र हसल्या नाहीत. नवरा त्या नाकाकडे बघून हसला, एवढंच त्यांनी पाहिलं आणि पदर सारखा केला.

जेवण झालं. कोळंबीचं कालवण त्या दिवशी चांगलं जमलं होतं, पण भात वाढ आणि पाणी दे यापलीकडे कोणी बोललं नाही. बायजाबाई नुसत्या भाजीशी जेवली, शुक्रवार धरते म्हणाली. अम्मांनी तिच्या ताटात आंब्याचं लोणचं वाढलं, आणि नाजनीनच्या लक्षात आलं की काय आवडतं ते त्यांना विचारावं लागलं नाही.

ताटं उचलल्यावर अलिजाने डब्याएवढा एक स्पीकर आणला आणि जुन्या लाकडी पेटीवर ठेवला. मग आजोबांच्या उजव्या कानाशी वाकून ओरडली, "दादा! लवंगीची गाणी केलीत! उद्या गाणार आहोत! तुम्ही हो म्हणा!"

"मला कशाला विचारता?" अब्बा म्हणाले. "मला कुठे ऐकू येतंय? दादीला विचार."

"दादी म्हणते तुम्हाला विचार!"

"मग दोघांनाही नको विचारू," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचा चेहरा मात्र बदलला होता. लवंगीचं नाव या घरात बऱ्याच वर्षांनी मोठ्याने घेतलं गेलं होतं.

"बघ," एजाज बायकोला हळूच म्हणाला. म्हणजे त्याला हळू वाटलं तेवढं. अख्ख्या खोलीने ऐकलं. "हे उकरून काय मिळालं? दोघांनाही नकोय. अलिजा, उचल तो डबा."

"अहो, एक गाणं होऊ द्या," नाजनीन म्हणाली. "नापास करायला तरी पेपर बघावा लागतो."

"नाजनीन—"

"लाव गं," अम्मा म्हणाल्या. "लाव. ही वडप्याहून आलीये, हात हलवत परत पाठवू का?"

अलिजाने मोबाईलवर बोट टेकवलं.

आधी एकच खट आला. मग दोन. मग खोलीभर लूम सुरू झाला. बापाच्या शेडमध्ये जाऊन अलिजाने एकेक ठोका मोबाईलवर टिपला होता आणि मग ते एकापुढे एक असे मांडले होते. त्याच्यावर मेघालीची ढोलकी आली, आणि तिचा तो उघडा, शेतातल्या हाकेसारखा आवाज:

*साहेब म्हणतो, हळू बोल गं,*
*लूम म्हणतो, जोरात!*
*लवंगी म्हणते, दोघं गप्प,*
*मी उभी आहे दारात.*

नाजनीनला हसू आलं. पाय आपोआप हलायला लागला तो तिने दुसऱ्या पायाखाली दाबला. मग दोन्ही मुलींचे आवाज एकत्र आले:

*साहेब, तोंड मिटा आधी,*
*माशी बिऱ्हाड करेल!*

नाजनीनच्या हातात पुसायला घेतलेलं ताट होतं, ते तसंच राहिलं. तिने सासूकडे पाहिलं. अम्मांच्या कपाळाला आठी पडली होती. रागाची वाटत नव्हती. बाजारात आपल्यासारखीच साडी दुसऱ्या बाईच्या अंगावर दिसावी तशा त्या बघत होत्या.

"थांब," अम्मा म्हणाल्या. "हे कोणी लिहिलं?"

"आम्ही नाही लिहिलं, दादी," अलिजा गाण्याच्या वर ओरडली. "दादांनीच लिहिलंय. फुग्यांत. लवंगीच्या तोंडातून फुगा निघतो ना, त्यात असतं ती काय बोलते ते. आम्ही फक्त चाल लावली."

"फुग्यात लिहिलेलं असतं?"

"हो, दादी. तुम्ही वाचलं नाही कधी?"

खोलीतल्या मोठ्या माणसांना उत्तर ठाऊक होतं, फक्त त्याचा अर्थ आजपर्यंत कोणी लावला नव्हता. अम्मा उर्दू शाळेत शिकलेल्या. उर्दू अखबार शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, कुराण तोंडपाठ, पण देवनागरी त्यांना कधी आली नाही. अकरा वर्षं त्यांनी लवंगीची फक्त चित्रं पाहिली होती. त्यांनी कोणाला वाच म्हटलं नाही आणि कोणी आपणहून वाचून दाखवलं नाही. एजाज वाचायचा, पण त्याला ते बोलणं वेगळं वाटायचं कारण नव्हतं. सगळ्यांच्याच अम्मा असं बोलतात, असा त्याचा समज.

"अजून काय बोलते ती?" अम्मांनी विचारलं.

अलिजा सांगणार होती. पण गाणं पुढे गेलं होतं. ढोलकी थांबली, गळा थांबला, नुसता लूम राहिला. खट, खट, खट... आणि चौथा खट आलाच नाही. आला तो उशिरा, गिळल्यासारखा. पुन्हा तीन. पुन्हा चौथा मागे.

"अगं बंद कर!" अम्मा किंचाळल्या.

"बंद करा, धोटा उडंल!" बायजाबाई त्यांच्याच जोडीला ओरडली.

आणि सत्तरी उलटलेल्या त्या दोघी बाया एकदम उठल्या. अम्मांनी उजवा हात, बायजाबाईने डावा, हवेतल्या, लूम थांबवायच्या दांडीवर टाकला आणि खाली खेचला. दांडी नव्हतीच, त्यामुळे दोघींचा तोल गेला आणि मधल्या त्या एका माणसाच्या जागेत दोघी एकमेकींवर पडल्या.

अलिजाने घाबरून गाणं बंद केलं. क्षणभर सगळीकडे शुक्रवार पसरला.

"चार नंबर," धापा टाकत अम्मा म्हणाल्या.

"चार नंबरच," बायजाबाई म्हणाली आणि खांद्यावर हात ठेवला. "ह्योच तो लंगडा मुडदा. ह्याचाच धोटा हितं बसला व्हता मना. तुमीच हळद भरलीव, खुर्शीदबी, इसरलात?"

"विसरेन कशी? ओरडून गल्ली गोळा केली होतीस."

"आन तुमी माज्यापेक्षा जोरात वरडत व्हतात. मुकादमाला श्या देत."

अम्मा आधी हसल्या. तोंडाला पदर लावून, अंग हलवत हसल्या, आणि मग बायजाबाईला आवरेना. लूम बंद असण्याच्या दिवशी, लूम नसलेल्या खोलीत, पंचवीस वर्षांपूर्वी घरातून गेलेला चार नंबरचा लूम थांबवायला आपण धावलो, हे दोघींना आता कळत होतं. नाजनीनही हसत होती, आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने ताटाच्या फडक्यानेच पुसलं.

"काय झालं?" अब्बा खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांना आवाज आला नव्हता. पण दोन हात दांडीवर पडताना त्यांनी पाहिले होते. "कोणाचा धोटा उडाला?"

अलिजा त्यांच्या कानाशी गेली. "दादा, तुमच्या प्रत्येक चौकटीखाली बारीक अक्षरांत खट खट लिहिलेलं असायचं. कधी मोठं, कधी लहान, कधी मध्ये जागा सोडून. ते प्रत्येक वेळी वेगळं होतं. मला वाटलं, असंच नसेल लिहिलं. म्हणून मी ते तसंच वाजवलं."

अब्बा उठले, भिंतीला धरत पेटीपाशी आले आणि स्पीकरवर तळहात ठेवला.

"लाव."

अलिजाने लावलं. ते डोळे मिटून उभे राहिले. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताचं बोट पेटीच्या लाकडावर वाजायला लागलं. लूमबरोबर तीन, आणि मग एक, उशिरा.

"चार नंबर आहे," ते म्हणाले. "पण तू घाई केलीस. तिसऱ्यानंतर अजून थोडं थांब. लंगड्याला पाय टाकायला वेळ लागतो." आणि मग, "उद्या वाजवणार ना? तर मग नीट वाजव."

अलिजाने मेघालीचा हात घट्ट धरला. होकार तो हाच होता. पण अब्बांचा तळहात स्पीकरवरून हलला नाही.

"किती वर्षांनी ऐकला," ते पुटपुटले. त्यांचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू जाईल एवढं होतं. "पंचवीस झाली असतील."

"पंचवीस कशी, अब्बा?" एजाजने पुढे होऊन विचारलं. "कान तर तुमचे आता आता गेले. दहा-बारा वर्षं झाली फार तर."

अब्बांनी मुलाच्या ओठांकडे पाहिलं आणि मग खाली.

"ते तुम्हाला कळलं तेव्हा," ते म्हणाले. "गेले होते आधीच. नव्व्याण्णवमध्ये. लूमवाल्याला लूम ऐकू येत नाही, हे कोणाला सांगू? शेडमध्ये सगळेच ओठ वाचतात, कोणाला समजलं नाही. चार नंबरचा धोटा कधी उडेल ते मला कळेना. कोणाचा तरी डोळा गेला असता. म्हणून विकला. जुना झाला म्हणून सांगितलं."

 एजाजही लूमवालाच. बाप बोलावूनही बघत नाही म्हणून कितीदा त्याने चिडून हातातली वस्तू आपटली होती, ते त्याला आठवत असावं. मग त्याने मान वर केली.

"आणि अख्खी गल्ली अम्माला बोल लावत होती, अब्बा. हिनेच लवंगी बंद करवली म्हणून. पंचवीस वर्षं!"

"गल्ली काय म्हणते ते मला कुठे ऐकू येत होतं?" अब्बा म्हणाले.

यावर हसावं की रडावं, नाजनीनला कळेना. तिने सासूकडे पाहिलं. अम्मा उठल्या होत्या. त्या नवऱ्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला, आणि पंचवीस वर्षं गिळलेला प्रश्न एकदाचा बाहेर आला.

"नाक कोणाचं?"

शुक्रवार होता. समोरच्या घराची खिडकी उघडली. तिच्या बाजूचीही उघडली.

"खरा सांगा हां, शेट," पलंगावरून बायजाबाई म्हणाली. "मी बी ह्येच इचाराला आलेय. मना गावात लोकं लवंगी म्हनत. माजा घरवाला नवशा रुसून कितीदा उपाशी निजला त्या नाकापायी."

अब्बांनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. सुटका नव्हती.

"नाक बायजाचं," ते म्हणाले.

 अम्मांचा चेहरा हलला नाही, फक्त कमरेवरचा हात खाली आला.

"ती समोर बसायची कांड्या भरत," अब्बा म्हणाले. "मान वर केली की तेच दिसायचं. मला नाक काढता यायचं नाही, खुर्शीद. बघून काढावं लागायचं. तूच सांग, तुझं बघून काढलं असतं तर तू अकरा वर्षं एका जागी बसली असतीस?" त्यांनी श्वास घेतला. "पण नाक किती बोलतं? जीभ तुझी होती."

"काय?"

"जीभ. सहा दिवस लूम ऐकायचो, ते चौकटीखाली लिहायचो. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा तू वर बोलायचीस. दूधवाल्याला, मुकादमाला, पोरांना, मला. मी खाली बसून उतरवून घ्यायचो. त्या फुग्यांत माझ्या पदरचं एक वाक्य नाही. सगळी भिवंडी तुझ्या बोलण्यावर हसायची. मला वाटायचं, तुला माहीत आहे. तू वाचत नाहीस म्हणजे रुसलीस, असं वाटायचं. तुला ती अक्षरं येत नाहीत, हे मला मेल्याला सुचलंच नाही."

अब्बांनी स्वतःच्या कानाला हात लावला.

"मग एका शुक्रवारी तू तासभर बोलत होतीस आणि मला नुसते ओठ दिसले. ओठ वाचून मतलब कळतो, खुर्शीद. तिखट कळत नाही. तू ऐकू यायची बंद झालीस, मग नुसतं नाक घेऊन मी काय करू?"

अम्मा तशाच उभ्या होत्या. त्यांच्या हनुवटीची थरथर नाजनीनला दिसली. तिने तोंड फिरवलं. असं काही सुनेने बघू नये. छातीवरून सुताचं बाचकं कोणीतरी उचलून नेलं असावं, एवढं तिला हलकं वाटत होतं. गाणं होणार होतं आणि मन मोडलं नव्हतं. उलट पंचवीस वर्षं मोडून ठेवलेलं जुळत होतं, आणि ते तिच्याच किल्लीने.

"म्हंजी माजा नुसता नाकच," बायजाबाई नाक ओढत म्हणाली. "पंचवीस वर्सां उगाच मिरवला मी." पण तीही डोळे पुसत होती. "बरा झाला. नवशा असता तं त्याला सांगितला असता."

अम्मा वळल्या. त्यांनी आधी पलंगावर दोघींच्या मधल्या जागेत बसून घेतलं, अगदी बायजाबाईला चिकटून, आणि मग अलिजाला हाक मारली.

"ट्रंक आण. सगळी आण. एकेक फुगा वाचून दाखव मला, पहिल्यापासून. मी अकरा वर्षं काय काय बोलले ते कळू दे तरी. आणि उद्या आम्ही दोघी पुढच्या रांगेत. चार नंबर वाजायला लागला की मात्र कोणीतरी आमचे हात धरा."

"मी धरतो," एजाज म्हणाला.

अलिजा आणि मेघाली पलंगाखाली घुसल्या. ट्रंक फरशीवर घासत बाहेर आली, आणि त्या गडबडीत कोण काय बोललं ते अब्बांना कळलं नाही. ते स्पीकरवर हात ठेवून तसेच उभे होते, आ वासून बायकोकडे बघत.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. "खुर्शीद? काय म्हणालीस?"

अम्मांनी मान वर केली. नवऱ्याकडे सरळ तोंड केलं आणि आवाज न काढता, शेडमध्ये बोलत तशा, नुसते ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द. नाजनीनलाही ते वाचता आले.

तोंड मिटा आधी.

आणि अब्बांनी तोंड मिटलं.